सम्राटापुढे हजर न झालेला सरदार: एका श्राव्य व्याख्यानमालेचे परीक्षण

धुळ्यातील एका अभ्यासमंडळाने वर्गणीदारांसाठी चालवलेल्या श्राव्य व्याख्यानसेवेतील सहा भागांची एक माला नुकतीच पूर्ण झाली. तिचा विषय बाराव्या शतकातील जर्मन सरदार हाइनरिख हा आहे. सॅक्सनी आणि बव्हेरिया या दोन मोठ्या प्रांतांचा हा ड्यूक ‘सिंह’ या उपाधीने ओळखला जातो, आणि आपल्याच आत्तेभावाला, सम्राट फ्रीडरिख बार्बारोसाला, ऐन युद्धाच्या तोंडावर मदत नाकारणारा सरदार म्हणून त्याची कथा युरोपात आठशे वर्षे सांगितली जात आहे. सेवेचे स्वरूप साधे आहे. दर आठवड्याला एक भाग मोबाईलवर येतो, मालेच्या आरंभी एक टिपणवही टपालाने घरी येते आणि सर्व भाग ऐकून झाल्यावर धुळ्यात चर्चेची एक बैठक होते. टिपणवहीत नकाशा, वंशावळ आणि मूळ साधनांतील निवडक उताऱ्यांची मराठी भाषांतरे आहेत. माझ्या मते या सेवेचे खरे मोल व्याख्यानांइतकेच या भाषांतरांत आहे.

बंडखोर सरदाराचे चरित्र सांगताना पोवाड्याचा सूर लागणे अगदी स्वाभाविक आहे आणि श्रोत्यांनाही तो सूर आवडतो. या मालेतील वक्त्यांनी तो मोह जवळजवळ सर्वत्र आवरला आहे. कोणती गोष्ट कोणी लिहून ठेवली, घटनेनंतर किती काळाने लिहिली आणि ती लिहिण्यात लिहिणाऱ्याचा कोणता हेतू असू शकतो, हे प्रश्न ते प्रत्येक महत्त्वाच्या वळणावर विचारतात. इतिहासाचार्य राजवाडे यांच्या अखेरच्या दिवसांचे साक्षीदार असलेल्या आणि त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ आजही चालवणाऱ्या धुळे शहरातून अशीच शिस्त अपेक्षित होती. राजवाड्यांनी मराठ्यांच्या इतिहासासाठी अस्सल कागदांचा जो आग्रह धरला, तोच आग्रह परक्या देशाच्या, परक्या शतकाच्या इतिहासालाही लावता येतो, हे ही माला ऐकताना पटते.

पहिला भाग हाइनरिखच्या बालपणाचा आहे आणि तो थोडा घाईने उरकला आहे. त्याचा जन्म 1130 च्या आसपासचा. वडील हाइनरिख हे दोन्ही प्रांतांचे ड्यूक होते आणि आई गेरट्रूड ही सम्राट लोथार तिसरा याची एकुलती एक मुलगी होती. 1138 मध्ये राजपद कॉनराड तिसऱ्याकडे गेले, त्याने वडिलांचे दोन्ही प्रांत काढून घेतले आणि पुढच्याच वर्षी वडील वारले. पोरक्या मुलाला 1142 मध्ये सॅक्सनी परत मिळाले. बव्हेरिया मात्र, आईने पुनर्विवाह केल्यावर, सावत्र वडिलांच्या हाती गेले. 1152 मध्ये फ्रीडरिख राजा झाला आणि चित्र पालटले. फ्रीडरिखची आई यूडिथ ही हाइनरिखच्या वडिलांची सख्खी बहीण होती, आणि आते-मामे नात्याचे वजन किती असते हे खानदेशातील श्रोत्याला वेगळे समजावून सांगावे लागत नाही. 1156 मध्ये फ्रीडरिखने हाइनरिखच्या सावत्र वडिलांसाठी ऑस्ट्रिया ही स्वतंत्र डची (ड्यूकच्या सत्तेखालील प्रांत) निर्माण केली आणि बव्हेरिया मामेभावाच्या स्वाधीन केले. या नात्यागोत्यांत हाइनरिख हे एकच नाव इतक्यांदा येते की नुसते ऐकून गोंधळ होतो. म्हणून वंशावळीचे पान समोर उघडे ठेवूनच हा भाग ऐकावा. जर्मन व्यक्तींना हाइनरिख आणि इंग्लंडच्या राजाला हेन्री म्हणण्याचा नियम वक्त्यांनी शेवटपर्यंत पाळला आहे आणि त्याचा फार उपयोग होतो.

दुसरा भाग व्यापाराचा आहे आणि तो उत्तम जमला आहे. बव्हेरियाच्या दक्षिणेकडील राइखेनहालचे मीठ पश्चिमेकडे जाताना इझार नदी ओलांडत असे आणि तो पूल फ्राइझिंगच्या बिशपच्या ताब्यात फ्योरिंग येथे होता. हाइनरिखने तो पूल मोडून टाकला आणि नदीच्या वरच्या अंगाला आपला पूल आणि आपली बाजारपेठ उभी केली. त्या जागेचे नाव म्युनिक. तक्रार सम्राटाकडे गेली. तक्रारदार बिशप ओटो हा सम्राटाचा सावत्र चुलता आणि त्या काळातील एक थोर इतिहासकार होता. प्रतिवादी सम्राटाचा मामेभाऊ होता. 14 जून 1158 रोजी आउग्सबुर्ग येथे झालेल्या निवाड्यात म्युनिकचा पूल आणि बाजार कायम राहिले आणि जकातीच्या उत्पन्नाचा तिसरा हिस्सा बिशपला देण्याचे ठरले. म्युनिक शहर आजही याच दिवसाला आपला जन्मदिवस मानते. 1180 मध्ये हाइनरिखचे पतन झाल्यावर बिशपने हा निवाडा फिरवून घेतला, तरीही म्युनिकचा बाजार हलला नाही. चर्चेच्या बैठकीत रावेरकडच्या एका केळी उत्पादकाने विचारले की पूल मोडल्यावर व्यापाऱ्यांनी जुनाच रस्ता का धरला नाही. त्यावर झालेले बोलणे मूळ व्याख्यानाइतकेच बोधप्रद होते. मालाला वाट एकदा सोयीची झाली आणि वाटेवर मुक्कामाची, साठवणीची व्यवस्था लागली की कागदावरचा हुकूम तिला सहज मागे फिरवू शकत नाही, हे तापीच्या काठी माल भरणाऱ्या माणसाला कोणत्याही प्राध्यापकापेक्षा अधिक ठाऊक असते.

याच भागात ल्यूबेकचीही कथा येते. होल्श्टाइनच्या काउंट आडोल्फने 1143 मध्ये वसवलेले हे बंदर भरभराटीला आले, तेव्हा हाइनरिखच्या बार्डोविक या जुन्या पेठेचे उत्पन्न घटू लागले. त्याने वाटा मागितला, आडोल्फने नाकारला, तेव्हा त्याने तेथील बाजारच बंद पाडला. पुढे शहराला आग लागली, हाइनरिखने शेजारी स्वतःचे नवे गाव वसवण्याचा प्रयत्न केला, तो फसला आणि अखेर आडोल्फने माघार घेतल्यावर 1159 मध्ये ल्यूबेक पुन्हा उभे राहिले. त्यानंतर हाइनरिखने डेन्मार्क, स्वीडन, नॉर्वे आणि रशियाकडे दूत पाठवून तेथील व्यापाऱ्यांना मुक्त संचाराचे आश्वासन दिले. बळजबरी आणि दूरदृष्टी एकाच माणसात इतक्या जवळ नांदू शकतात, हे वक्त्यांनी कोणताही निकाल न देता मांडले आहे.

तिसऱ्या भागाविषयी मात्र मला गंभीर तक्रार आहे. हाइनरिखच्या सत्तेचा मोठा भाग एल्ब नदीच्या पूर्वेकडील स्लाव लोकांच्या भूमीवर उभा होता. 1147 च्या धर्मयुद्धात तो तेथे लढला. 1160 च्या मोहिमेत ओबोद्रित लोकांचा राजा निक्लोत मारला गेला आणि श्वेरीनसारख्या ठिकाणी जर्मन सत्ता पक्की झाली. या साऱ्या हकिगतीला भागात जेमतेम काही मिनिटे मिळाली आहेत. हे अधिक खटकते, कारण सर्वांत बोलका पुरावा मंडळाने स्वतःच टिपणवहीत छापलेला आहे. बोझाऊचा धर्मगुरू हेल्मोल्ड याने स्लाव लोकांचा इतिहास लिहिला. तो ख्रिस्ती होता, त्याच भूमीत धर्मकार्य करत होता आणि ड्यूकचा शत्रूही नव्हता. तरीही त्याने नोंदवले आहे की ड्यूकच्या तरुणपणीच्या या मोहिमांत ख्रिस्ती धर्माचा उल्लेखही नसे, बोलणे असे ते केवळ पैशाचे. त्याच ग्रंथात स्लाव राजपुत्र प्रिबिस्लाव बिशपला सांगतो की करांचा आणि गुलामीचा भार इतका झाला आहे की जगण्यापेक्षा मरण बरे वाटते. हा उतारा वाचून मी बराच वेळ थांबलो होतो, आणि व्याख्यानात तो एकदाही वाचून दाखवला जात नाही. आदिवासी मुलूख, जंगलांवरचे बदललेले हक्क आणि बाहेरून येऊन बसलेली वसुली यांचा इतिहास सातपुड्याच्या पायथ्याशी राहणाऱ्यांच्या परिचयाचा आहे. शहादा आणि अक्कलकुव्याकडच्या श्रोत्यांनी या भागावर सर्वाधिक प्रश्न विचारले असते, असे मला खात्रीने वाटते.

आता चौथ्या आणि पाचव्या भागाविषयी. केवळ या दोन भागांसाठीदेखील मालेची वर्गणी भरावी, असे माझे मत आहे.

1176 च्या आरंभी फ्रीडरिख उत्तर इटलीतील लोम्बार्ड नगरांशी झुंजत होता आणि त्याला सैन्याची निकड होती. कोमो सरोवराच्या उत्तरेकडील कियावेन्ना येथे त्याने हाइनरिखला भेटून मदत मागितली. ती मागताना त्याने गुडघे टेकले, असे सांगितले जाते. हाइनरिखने मोबदल्यात गोस्लार हे शहर मागितले, ज्याच्या शेजारच्या राम्मेल्सबेर्ग डोंगरात चांदीच्या खाणी होत्या. सम्राटाने ते दिले नाही आणि हाइनरिख मदतीला गेला नाही. 29 मे 1176 रोजी लेन्यानो येथे सम्राटाचा पराभव झाला. चित्रकारांनी आणि नाटककारांनी गुडघे टेकणाऱ्या सम्राटाचे हे दृश्य पुन्हा पुन्हा रंगवले आहे. वक्ते ते दृश्य संपूर्ण उभे करतात आणि मगच सांगतात की या भेटीचे वृत्तांत घटनेनंतर काही वर्षांनी, काही तर अनेक दशकांनी लिहिलेले आहेत, आणि तपशिलांत ते एकमेकांशी जुळत नाहीत. त्यानंतर ते श्रोत्याला टिपणवहीतील 13 एप्रिल 1180 च्या गेल्नहाउझेनच्या सनदेकडे घेऊन जातात. हाइनरिखचे सॅक्सनी काढून घेऊन त्याची वाटणी करणारा हा अस्सल दस्तऐवज आहे. त्यात शिक्षेची कारणे दिली आहेत. त्याने चर्चचे आणि साम्राज्यातील सरदारांचे स्वातंत्र्य दडपले, त्यांच्या मालमत्ता बळकावल्या, बोलावणे पाठवूनही तो हजर झाला नाही आणि जहागिरीच्या कायद्याप्रमाणे तीनदा पाचारण करूनही आला नाही, म्हणून तो सम्राटाचा अवमान करणारा ठरला. कियावेन्नाचे नाव त्यात कोठेही नाही. ज्या नकारामुळे तो जगभर प्रसिद्ध झाला, त्याचा उल्लेख त्याच्या शिक्षेच्या कागदात नाही, ही गोष्ट मला या मालेमुळे प्रथमच कळली आणि तिने या माणसाकडे पाहण्याची माझी दृष्टी पूर्णपणे बदलली.

पाचव्या भागात हा खटला क्रमाने उलगडला आहे. 1178 मध्ये श्पायर येथे दोन्ही बाजूंनी तक्रारी झाल्या. कोलोनचा आर्चबिशप फिलिप आणि सॅक्सनीतील अनेक सरदार हाइनरिखच्या विरोधात होते. 1179 मध्ये दरबारामागून दरबार भरले आणि हाइनरिख गेला नाही. जानेवारी 1180 मध्ये व्युर्झबुर्ग येथे त्याच्या जहागिरी काढून घेण्याचा निर्णय झाला. वेस्टफालियाची डची कोलोनच्या आर्चबिशपला मिळाली, सॅक्सनीचा उरलेला भाग आन्हाल्टच्या बेर्नहार्डला मिळाला आणि त्याच वर्षी बव्हेरिया विटल्सबाख घराण्याच्या ओटोकडे गेले. त्या घराण्याने बव्हेरियावर 1918 पर्यंत राज्य केले. वक्त्यांचे सर्वांत मोलाचे विवेचन येथे आहे. फ्रीडरिखने हा मुलूख स्वतःच्या खालशात घेतला नाही. निवाडा सरदारांच्या सभेत झाला होता आणि तो अमलात आणण्यासाठी त्याच सरदारांच्या तलवारी हव्या होत्या, म्हणून लूटही त्यांच्यात वाटावी लागली. बलाढ्य मामेभाऊ संपला, पण त्याच्या जागी अनेक लहान-मोठे सत्ताधीश उभे राहिले आणि जर्मनीतील राजसत्ता त्यामुळे फारशी बळकट झाली नाही.

येथे वक्त्यांनी खानदेशच्या इतिहासातील एक उदाहरण दिले आहे आणि त्यावर बैठकीत बरीच चर्चा झाली. फारुकी घराण्याचा शेवटचा सुलतान बहादूरशाह हा अकबरापुढे हजर झाला नाही. त्याने असिरगडाचा आश्रय घेतला. अकबर बुऱ्हाणपुरात उतरला, गडाला दीर्घ वेढा पडला आणि जानेवारी 1601 मध्ये गड मोगलांच्या हाती गेला. बादशहापुढे न जाणे हाच गुन्हा, एवढ्यापुरते साम्य खरोखर नेमके आहे आणि आपल्या प्रांतातील श्रोत्याला त्यामुळे बाराव्या शतकातील ‘गैरहजेरी’चा अर्थ चटकन कळतो. परंतु वक्त्यांनी ते साम्य पुढे नेऊन दोन्ही सम्राटांना एकाच मापाने मोजले, ते योग्य झाले नाही. अकबराला खानदेश घेण्यासाठी सरदारांच्या सभेचा निवाडा लागला नव्हता. त्याने सुभा मोगल राज्यात सामील केला आणि शाहजादा दानियालच्या नावावरून त्याला ‘दानदेश’ असे नावही दिले. फ्रीडरिखला नेमकी हीच मोकळीक नव्हती आणि पाचव्या भागाचा सारा युक्तिवाद त्यावरच उभा आहे. स्वतःच मांडलेला मुद्दा स्वतःच्याच उदाहरणाने झाकोळू नये, एवढी दक्षता पुढच्या खेपेस घ्यावी.

सहावा भाग हाइनरिखच्या प्रतिकाराचा आणि अखेरच्या वर्षांचा आहे. मे 1180 मध्ये त्याने वाइसेनझे येथे थुरिंगियाच्या लुडविगला पकडले, पण पुढच्या वर्षी सम्राट स्वतः चालून आला, ल्यूबेकने दरवाजे उघडले आणि नोव्हेंबर 1181 मध्ये एरफुर्ट येथे हाइनरिख शरण आला. ल्यूबेकचा इतिवृत्तकार आर्नोल्ड लिहितो की सम्राटाने त्याला उठवून जवळ घेतले आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आले. मात्र ते अश्रू खरे होते का, अशी शंकाही तोच व्यक्त करतो, कारण सम्राटाने त्याला पूर्वीचे स्थान मिळवून दिले नाही. ब्राउनश्वाइग आणि ल्यूनेबुर्गचा वडिलोपार्जित मुलूख तेवढा त्याच्याकडे राहिला. 1182 मध्ये तो पत्नी मटिल्डासह सासऱ्याच्या, म्हणजे इंग्लंडचा राजा दुसरा हेन्री याच्या, आश्रयाला गेला आणि 1185 मध्ये परतला. फ्रीडरिख धर्मयुद्धाला निघाला तेव्हा, 1189 मध्ये, त्याला पुन्हा देशाबाहेर जावे लागले. मागे पत्नीचा मृत्यू झाला, तो देशाबाहेर राहण्याची शपथ मोडून परत आला आणि त्याला साथ न देणारे बार्डोविक त्याने उद्ध्वस्त केले. ज्या पेठेच्या उत्पन्नासाठी त्याने एके काळी ल्यूबेकचा बाजार बंद पाडला होता, तीच ही पेठ होती. दुसऱ्या भागाशी असलेला हा धागा वक्त्यांनी जोडून दाखवला नाही, तो श्रोत्याने स्वतः जोडावा लागतो. 1194 मध्ये नवा सम्राट सहावा हाइनरिख याच्याशी समेट झाला आणि 6 ऑगस्ट 1195 रोजी ब्राउनश्वाइग येथे तो वारला. त्याने 1166 च्या सुमारास गढीपुढे उभारलेला ब्राँझचा सिंह आणि 1173 पासून बांधायला घेतलेले चर्च आजही तेथे पाहता येते. त्याच्यासाठी हेल्मार्सहाउझेनच्या मठात तयार झालेली सचित्र शुभवर्तमानाची पोथी 1983 मध्ये लंडनच्या लिलावात 81 लाख 40 हजार पौंडांना विकली गेली. तिच्यात स्वर्गातून आलेले हात हाइनरिख आणि मटिल्डा यांच्या मस्तकी मुकुट ठेवतात, असे चित्र आहे. त्या चित्राची छपाई टिपणवहीत इतकी काळपट झाली आहे की मुकुट ओळखूही येत नाहीत. अशा पानासाठी चांगला कागद वापरण्याचा खर्च मंडळाने अवश्य करावा.

1935 मध्ये नाझी राजवटीने त्याची कबर उघडली आणि चर्चचे रूपांतर आपल्या स्मारकात केले, कारण पूर्वेकडील भूमी जिंकणारा वीर म्हणून तो त्यांना हवा होता. ही माहिती शेवटच्या काही वाक्यांत येते आणि ती तेथे फार एकाकी वाटते. स्लाव लोकांची बाजू तिसऱ्या भागात नीट मांडली असती, तर या दुरुपयोगाचे गांभीर्य श्रोत्याला आपोआप कळले असते. आणखी एक संबंध मंडळाने सांगायला हवा होता. निर्वासनाच्या काळात 1184 मध्ये विंचेस्टर येथे जन्मलेल्या विल्यम या मुलापासून हाइनरिखचा वंश चालला, 1235 मध्ये हाइनरिखच्या नातवाला ब्राउनश्वाइग-ल्यूनेबुर्गची डची मिळाली आणि त्याच घराण्याचा पहिला जॉर्ज 1714 मध्ये इंग्लंडचा राजा झाला. 1818 मध्ये खानदेश इंग्रजांच्या ताब्यात गेला तेव्हा इंग्लंडच्या गादीवर याच वंशातील तिसरा जॉर्ज होता.

सेवेच्या व्यवस्थेबद्दल थोडे. ध्वनिमुद्रण स्वच्छ आहे, परंतु पाचव्या भागात तारखा फार वेगाने येतात, त्यामुळे तो सनदेचे भाषांतर हाताशी ठेवून दोनदा ऐकावा. नकाशातील अक्षरे ज्येष्ठ वाचकांना वाचता येणार नाहीत इतकी बारीक आहेत. टिपणवही शहरात वेळेवर पोहोचते, पण तालुक्याच्या गावी ती मालेचे काही भाग होऊन गेल्यावर मिळाल्याचे बैठकीत अनेकांनी सांगितले. बैठक संध्याकाळी उशिरा संपल्यामुळे यावल-रावेरकडे परतणाऱ्यांची गैरसोय झाली. ती रविवारी सकाळी घेतली तर महिला आणि विद्यार्थी यांची उपस्थिती निश्चित वाढेल. इतिहास शिकवणाऱ्या शिक्षकांनी आणि स्पर्धा परीक्षेपलीकडे वाचू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांनी ही माला जरूर घ्यावी. प्रिबिस्लाव आणि ओबोद्रित लोकांवर एक स्वतंत्र भाग मालेत जोडावा, अशी विनंती मी मंडळाला लेखी कळवली आहे. हेल्मोल्डचे उतारे भाषांतरित होऊन टिपणवहीत आधीच छापलेले असल्यामुळे त्या भागासाठी नव्या साधनांची वाट पाहण्याचे कारण नाही.